नजर हलली की कात्री

लाँड्रीतल्या बाईवरचा माहितीपट एडिटरबाईंच्या मानगुटीवर बसला होता. त्यात घडत काहीच नव्हतं. बाई चादरी पिळते, वाळत घालते, इस्त्री करते, संपलं. दिग्दर्शक म्हणे, लोक दमलेत, त्यांना कुणाला तरी निवांत काम करताना बघू दे. निर्मात्याला इस्त्रीचा लांबलचक प्रसंग निम्मा हवा होता. दोघांच्या भांडणात पाठ मोडत होती ती एडिटरबाईंची.

अशा वादाचा निकाल लावायची त्यांच्या स्टुडिओत एक रीत होती. या धंद्याशी देणंघेणं नसलेलं माणूस पडद्यासमोर बसवायचं. त्याची नजर जिथे हलली, तिथे कात्री. या खेपेला कुणीच मिळेना, तेव्हा बाईंनी आईलाच आणलं. वडील गेल्यापासून आई त्यांच्याकडेच राहायची, आणि दोघींचं बोलणं म्हणजे जेवलीस का आणि दार लावून घे, एवढंच उरलं होतं.

प्रसंग सुरू झाला. बाई शेजारी बसून आईच्या डोळ्यांवर पहारा देत होत्या. हल गं एकदाची, म्हणजे कापून मोकळी होते, असं त्यांना झालं होतं. आईची नजर ढिम्म हलेना. चादरीमागून चादर आली. मग टेबलावर मांजर चढलं आणि थेट गरम घडीवर बसलं. इथे दिग्दर्शकसुद्धा दरवेळी हसतो. आईच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. बाईंना शंका आली. त्यांनी चित्र थांबवलं.

"आई, काय चाललंय तिथे?"

"कुणीतरी इस्त्री करतंय. आवाज येतोय ना."

"आणि टेबलावर कोण बसलंय?"

"पांढरं पांढरं दिसतं गं सगळं. बरेच महिने झाले. तू दमून येतेस, म्हटलं कशाला आणखी डोक्याला ताप."

लाँड्रीतल्या त्या परक्या बाईच्या मनगटावरचा भाजल्याचा डागसुद्धा एडिटरबाईंना पाठ होता. आणि परवाच कप कलंडला म्हणून त्या आईवर खेकसल्या होत्या. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. त्यांना स्वतःची लाज वाटली. दिसत नव्हतं तर उठायचं तरी, असं त्या कसंबसं म्हणाल्या.

"कशाला उठू?" आई म्हणाली. "किती दिवसांनी अशी शेजारी बसलीस. चालू दे अजून थोडं."