नणंद-भावजयीची वेगळी चूल

"बाबा, खुर्ची धरा!" मी किंचाळले, तोवर फिरता रंगमंच भोवऱ्यासारखा सुटला होता.

मी कळ दाबून तो थांबवला. बाबा खुर्चीला मिठी मारून उभे होते. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आज संध्याकाळी ते पहिल्यांदाच प्रेक्षकांसमोर येणार होते, तेही रंगमंचाच्या याच फिरत्या चकतीवरून.

"पुन्हा असं झालं, तर तुमचा प्रवेश कापावा लागेल," दिग्दर्शक म्हणाले. बाबांचं तोंड एवढंसं झालं.

चकती फिरवणारा प्रोग्रॅम माझा, पडदा सरकवणारा वहिनीचा. दोन्ही एकाच संगणकावर.

"माझा पडदा एकटा चालवून बघा," वहिनी म्हणाली. "कर नाही त्याला डर कशाला?"

"आणि माझी चकती एकटी असली की गरीब गाय असते!"

खरंच होतं ते. एकेकटे दोघेही शहाणे, एकत्र आले की नुसतं थैमान. ओळ न् ओळ तपासली, एकमेकींना टोमणे मारून झाले.

मग रिकामी चकती आणि पडदा पुन्हा सोबत चालवले. चकती पुन्हा सुसाट!

"निदान तो पडदा तरी हळू घ्या!" दिग्दर्शक वैतागले. वहिनीने पडद्याचा वेग कमी केला आणि चकती मंदावली.

"वहिनी, वाढव!" चकती पळाली. "कमी कर!" चकती रांगली. मी उड्याच मारायला लागले. काखेत कळसा आणि गावाला वळसा! सोय म्हणून आम्ही दोघींनी वेगाचा आकडा एकच ठेवला होता, कुणीही वाचावा, कुणीही बदलावा असा. पडद्याला घाई झाली की वहिनीचा प्रोग्रॅम तो वाढवायचा आणि माझी बिचारी चकती तोच वाचून धावायची. दोघींच्याही ओळी बरोबर होत्या.

"काय काय बोलले गं मी तुला!" वहिनी म्हणाली.

"ते भांडण उद्या. आधी वेगळी चूल मांडू."

पडद्याचा वेग पडद्याकडे, चकतीचा चकतीकडे. एकीने दुसरीच्या आकड्याला हातसुद्धा लावायचा नाही. रिकामी चकती चारदा फिरवली, मग बाबांना चढवलं. दिग्दर्शकांनी होकारार्थी मान डोलावली.

संध्याकाळी पडदा सर्रकन उघडला. चकती संथ वळली. माझं बोट थांबवायच्या कळीवर होतं. बाबांनी पहिलं वाक्य खुर्ची धरून म्हटलं. दुसऱ्या वाक्याला त्यांनी खुर्ची सोडली आणि दोन्ही हात प्रेक्षकांकडे पसरले.

मीही कळीवरचं बोट उचललं.