काटा मध्यावर

मी पोटापाण्यासाठी इंजिनं तापवतो. चेन्नैजवळ श्रीपेरुंबुदूरच्या एका मोटारींच्या कारखान्यात नवं इंजिन चाचणीच्या खोलीत बसवायचं, तासन्‌तास पळवायचं आणि ते किती तापतं याची नोंद ठेवायची, हे माझं काम. त्यामुळे २००६ च्या मे महिन्यात आमच्या घरची आठ वर्षं जुनी पांढरी गाडी चेटपेटच्या पुलावर भर दुपारी उकळून उभी राहिली, तेव्हा माझी काय अवस्था झाली असेल ते तुम्हीच समजा. शेजारी नववा महिना लागलेली माझी बायको, हरिप्रिया. बॉनेटमधून वाफेचा लोट निघाला तशी ती म्हणाली, "तरुण, तुझ्या कारखान्यात फोन करू का? कोणीतरी जाणकार पाठवतील."

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

गाडी खरं तर माझ्या सासऱ्यांची, कृष्णाजीरावांची. नुंगंबाक्कमचं घरही त्यांचंच. मी कोल्हापूरचा, घरजावई वगैरे नाही, फक्त त्यांच्या वरच्या मजल्यावर राहतो आणि दोन वेळा खाली जेवतो. माणसं तंजावरकडची मराठी. पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहूनही त्यांनी आपली जुनी मराठी सोडलेली नाही. सासरे एन्नोरच्या वीज केंद्रात बॉयलरवर होते आणि निवृत्त झाल्यापासून कमी बोलतात. सासूबाई, सईबाई, त्यांच्या वाटणीचंही बोलतात.

आता ही गाडी धड चालणं का भाग होतं, ते सांगतो. हरिप्रियाला जूनच्या पहिल्या आठवड्यातली तारीख दिलेली. हॉस्पिटल तसं जवळ, पण मधे चेटपेटचा पूल, आणि तिथली गर्दी पाऊण तासही खाऊ शकते. टॅक्सी सांगून ठेवू म्हटलं तर सासूबाईंनी कानांत बोटं घातली. भाड्याची गाडी नोको मणजे नोको.

त्याला कारण होतं. हरिप्रियाच्या वेळी त्यांना मन्नारगुडीहून तंजावरच्या दवाखान्यात नेत होते, भाड्याच्या गाडीतून, अशाच मे महिन्यात. गाडी वाटेत उकळली. ड्रायव्हर घागर घेऊन पाणी हुडकायला गेला तो तासभर आलाच नाही, आणि हरिप्रिया एका सायकल दुरुस्तीवाल्याच्या ओसरीवर जन्मली. ही गोष्ट घरात प्रत्येक सणाला सांगतात आणि खूप हसतात. मीही हसायचो.

तर पुलावरच्या त्या दुपारनंतर मी गाडीच्या मागे लागलो. आधी पाणी पाहिलं. कमी होतं, भरलं. दोन दिवसांनी पुन्हा उकळली. रेडिएटरचं झाकण बदललं, नळ्या बदलल्या, पट्टा ताणून पाहिला. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर पाण्याची वाट उघडणारी झडप, तोही बदलला. कोपऱ्यावरचा मेकॅनिक राममूर्ती म्हणाला, सार्, चेन्नैत थर्मोस्टॅट हवाच कशाला, काढून टाका, आणि पंखा डायरेक्ट करा. म्हणजे किल्ली फिरवली की पंखा सुरू, थांबायचं नावच नाही. थर्मोस्टॅट काढायला मी साफ नकार दिला. मग गुपचूप पंखा डायरेक्ट करून घेतला. गाडी तरीही उकळली.

मला चकवलं ते वासानं. गाडी तापली की एक गोडसर वास यायचा. रेडिएटरच्या पाण्यात जे शीतक घालतात, ते गळून तापलं की गोड वास येतो, हे आमच्याकडे शिकाऊ पोरालाही ठाऊक असतं. म्हणजे गळती. मी तीन आठवडे ती गळती शोधली. रोज सकाळी सहा वीसच्या कंपनीच्या बसआधी बॉनेट उघडायचो, टॉर्च घेऊन सांधा न्‌ सांधा बघायचो, आणि बॉनेट तसंच उघडं ठेवून आंघोळीला जायचो. आतून सासूबाईंचं सहाणेवर चंदन उगाळणं ऐकू यायचं. बराच वेळ चालायचं ते. देवाला एवढं चंदन लागतं का, असं एकदा मनात आलं होतं; पण मी देवाधर्मातला जाणकार नव्हे.

इकडे उन्हाळ्याचे ते सगळ्यात जाळणारे दिवस लागले, ज्यांना इथे कत्तिरी म्हणतात. गाडी आठवड्यातून दोनदा तापत होती, ती आता रोज तापू लागली. माझं डोकंही ताळ्यावर राहिलं नव्हतं. हरिप्रियानं जेवताना गाडीचं नाव काढलं तरी मी ताटावरून उठायचो.

एका रविवारी सकाळी सासरे अंगणात आले. माझ्या मागे बराच वेळ हात बांधून उभे राहिले आणि म्हणाले, "पाणी पाह्यलांत. वारं पाह्यलांत की?"

"पंखा डायरेक्ट केलाय," मी म्हणालो.

"पंखा ओढतो. पण वारं आंत येतं कुठून, तें पाह्यलांत की?"

तीस वर्षं बॉयलरपाशी उभ्या राहिलेल्या माणसाला नाही म्हणता येईना. मी रेडिएटर सोडवला. आजवर मी तो वरून पाहिला होता, इंजिनाच्या बाजूनं पाहिला होता. पुढची बाजू कधीच पाहिली नव्हती, कारण कारखान्यात रेडिएटर नवा कोरा येतो आणि त्याचं तोंड बघायची कोणाला गरज पडत नाही. तो बाहेर ओढून उलटा केला आणि मी बघतच राहिलो.

वारा आत जाण्यासाठी रेडिएटरच्या तोंडावर पातळ पत्र्याची बारीक जाळी असते. तिच्यावर पिवळट थर चढला होता, धूळ मिसळून सिमेंटसारखा घट्ट. आणि त्या थरात चार बोटांचे आडवे पट्टे, वरपासून हात पोचेल तिथपर्यंत, एकावर एक. बोटांच्या दाबानं जाळीची पाती मिटून सपाट झालेली. नाकाजवळ नेलं. गोड वास. चंदन.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. तीन आठवड्यांचा राग एकदम वर आला. जिभेला हाड नसतं, आणि माझ्या तर नाहीच. "कोणी केलं हे?" मी ओरडलो. "कुठल्या शहाण्यानं हा चिखल लिंपलाय? वारा जाणार कुठून? भर रस्त्यात बाळंतपण करायचंय का हिचं?"

मागे पायरीवर सासूबाई माझ्यासाठी कॉफी घेऊन उभ्या होत्या.

"मीच लावलें," त्या म्हणाल्या. "दसऱ्याच्या आयुधपूजेस एक बोट लावलें होतें. मग ती तापू लागली. तापल्यावर चंदन लावतात की. लेकरास लावतात. गाडीस कां नाहीं, मणून रोज लावलें." त्यांनी पेला पायरीवर ठेवला. "जास्त तापली मणून जास्त लावलें."

एवढं बोलून त्या आत गेल्या. सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी खिशातला रुमाल काढून उगाचच हात पुसत राहिलो.

हरिप्रियानं वरच्या खिडकीतून सगळं ऐकलं होतं. मी वर गेलो तर ती भांडलीही नाही. एवढंच म्हणाली, "ती ओसरीची गोष्ट आहे ना, माझ्या जन्माची. ती सांगताना अम्मा कधी हसलेली पाहिलीस?"

मी आठवून पाहिलं. सगळे हसत असताना त्या नेहमी काहीतरी आणायला आत जायच्या.

खाली येऊन मी आणि सासरे रेडिएटर साफ करायला बसलो. थर पाण्यानं भिजवून काढला, पण मिटलेली पाती उघडेनात. सुरीचं टोक जाड पडत होतं. थोड्या वेळानं पाहिलं तर पायरीवर, थंड झालेल्या कॉफीशेजारी, सासूबाईंची लाकडी फणी ठेवलेली. ठेवून त्या निघूनही गेल्या होत्या. त्या फणीनं आम्ही दुपारपर्यंत एकेक पातं सरळ केलं. फणीचे सात दात मोडले. संध्याकाळी गाडी गर्दीतून दीड तास फिरवून आणली. तापमानाचा काटा मध्यावर राहिला, जरा म्हणून वर सरकला नाही.

मी माफी मागितली. एकदा नाही, रोज. त्या "असू द्या की" म्हणायच्या आणि ताटात भात वाढायच्या. पण गाडी उभी असते त्या बाजूच्या दारानं जायचं त्यांनी सोडलं. बोलणंही निम्म्यावर आलं. सकाळी सहाणेचा आवाज दोन मिनिटांत थांबायचा, आणि बाथरूममध्ये मी नळ बंद करून तो पुन्हा सुरू होतो का ते ऐकायचो.

दोन जूनला सकाळी साडेनऊला हरिप्रियाला कळा सुरू झाल्या. ऐन ऑफिसच्या गर्दीची वेळ. सासरे पिशवी घेऊन पुढे बसले, हरिप्रिया मागे बसली, मी गाडी सुरू केली. सासूबाई पायरीवरून हलेनात.

"अम्मा, ये ना," हरिप्रिया म्हणाली.

"मी नोको त्या गाडींत," त्या म्हणाल्या. "माझा हात लागल्यावर काय झालें तें अस्की जणांनी पाह्यलें. तुम्ही निघा. मी ऑटोनं मागून येतें."

ऑटोनं. हरिप्रियाच्या जन्मापासून अठ्ठावीस वर्षं भाड्याच्या गाडीला हात न लावलेली बाई ऑटोनं येते म्हणाली, तेव्हा मी केवढं मोडून ठेवलंय ते मला खरं कळलं. हरिप्रियानं डोळे मिटून घेतले होते. सासरे माझ्याकडे बघत होते, आणि ह्या वेळी नजर काढत नव्हते.

मी इंजिन चालूच ठेवून उतरलो. पायरीपाशी गेलो.

"आई, सकाळचं चंदन उरलंय का?"

"कशास?"

"गाडीला नको. तिला आता काही झालेलं नाही. मला लावा. माझी पाचावर धारण बसलीय आणि गाडी मला चालवायचीय."

हे मी त्यांना बरं वाटावं म्हणून बोलणार होतो, पण बोलता बोलता आवाज कापला, कारण ते खरंच होतं. त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. मग आत गेल्या, सहाण घेऊन आल्या, आणि कपाळावर चार बोटं आडवी ओढली. गार लागलं. एक ओघळ भुवईपर्यंत आला, तो त्यांनी पदरानं टिपला.

"निघा आतां," म्हणाल्या, आणि मागे हरिप्रियाशेजारी जाऊन बसल्या.

चेटपेटच्या पुलावर सगळं ठप्प होतं. पुढे बस, मागे बस, वर ऊन. मी दर दोन सेकंदांनी काट्याकडे बघत होतो. मागून हरिप्रियाच्या कण्हण्याच्या मधेच सासूबाईंचा आवाज आला, "तुम्ही रस्ता पाहा. कांटा मी पाहतें." आणि त्या पुढच्या दोन सीटांच्या मधून वाकल्या, एक हात लेकीच्या हातात ठेवून. हॉस्पिटलच्या दारापर्यंत त्यांनी त्या काट्यावरची नजर काढली नाही. तो मध्यावरच होता.

दारात व्हीलचेअर आली, हरिप्रियाला घेऊन गेली, सासरे पिशवी घेऊन मागे धावले. सासूबाईही चार पावलं गेल्या आणि वळल्या. गाडीच्या पुढ्यात आल्या. सवयीनं त्यांचा हात जाळीकडे गेला, मधेच थांबला. मग त्यांनी तळहात उलटा करून बॉनेटवर टेकवला, लेकराचं कपाळ पाहतात तसा, आणि क्षणभर तसाच ठेवला.

"ताप नाहीं," त्या मला म्हणाल्या, आणि लगबगीनं आत गेल्या.

मी हात लावून पाहिला. जूनच्या उन्हातलं बॉनेट ते, त्यावर डोसा भाजला असता. मी चटका बसलेला हात झटकला आणि त्यांच्यामागे आत पळालो.