साराची गोष्ट माझ्याजवळ होती

मी एक जुना इंग्रजी ग्रंथ आहे, कॅथलिकांचं बायबल. मुक्काम बालाघाट. मित्रांनो, हसू नका, पण माझी पाठ आता पार निखळली आहे. कुणा विद्वानांनी लॅटिनवरून घासूनपुसून मला इंग्रजीत आणलं, म्हणून माझी भाषा जरा जुन्या वळणाची. तिरोडीच्या कॉन्व्हेंटमधल्या एका सिस्टरने मला अनुसयाबाईंना भेट दिलं. ओळीवर बोट ठेवून त्या माझ्यावरच इंग्रजी शिकल्या. काय कौतुक व्हायचं माझं! पुढे घरात मोबाईल आले आणि माझी रवानगी तांदळाच्या कोठीवर झाली.

अनुसयाबाईंची मुलगी ज्योत्स्ना. तिचं लग्न ठरलं आणि नवरदेव अपघातात गेला. झालं! लोकांच्या जिभेला काय हाड असतं? 'पांढऱ्या पायाची' म्हणून मोकळे झाले. पोरगी हसणंच विसरली. मग ती नोकरी करायची त्या दवाखान्यातल्या केरळच्या मुलाशी पुन्हा लग्न ठरलं. तिचा एकच हट्ट होता. चर्चमध्ये बायबलच्या तोबित नावाच्या भागातली साराची गोष्ट वाचायची. साराचे सात नवरे लग्नाच्या रात्रीच मेले, तिलाही लोकांनी असंच टोचलं, तरी शेवटी तिचा संसार उभा राहिला. वाचणार होत्या मुलाच्या आई. त्यांना मराठी-हिंदी येईना, म्हणून इंग्रजीत.

त्यासाठी भाऊ पियुषने नागपूरहून सोनेरी कडांचं नवंकोरं इंग्रजी बायबल आणलं. लग्नाच्या सकाळी उघडतात तर तोबित गायब!

"काहून बा, पानं गळाली का?" ज्योत्स्ना घाबरली.

"हे आपलं नोहे रे पियुष," अनुसयाबाई म्हणाल्या. "दुसऱ्या पंथाचं आहे. त्यात तोबित नसते."

"मले का मालूम? मले वाटलं, बायबल म्हणजे बायबल! मोबाईलवर पाहू ना."

"मोबाईल धरून वेदीपाशी?" ज्योत्स्नाला रडूच फुटलं. "आई, आपलं जुनं कुठी आहे?"

अहाहा! कोठीवरून मला उतरवलं, पदराने पुसलं. अनुसयाबाईंनी भराभर पानं उलटली. तोबित जागच्या जागी होतं!

चर्चमध्ये मुलाच्या आईंनी सावकाश वाचलं. टोमणे मारणारेही समोरच बसले होते. वाचून झालं, मला मिटून त्या खाली उतरल्या आणि त्यांनी ज्योत्स्नाला सगळ्यांदेखत उराशी धरलं. "मेरी बेटी," त्या म्हणाल्या. हिंदीचे एवढेच दोन शब्द त्या बाई पाठ करून आल्या होत्या. ज्योत्स्ना रडता रडता हसली, आणि मला माझ्या जन्माचं सोनं झाल्यासारखं वाटलं.

मित्रांनो, मला लिहिणाऱ्यांचे, जपणाऱ्यांचे माझ्यावर फार उपकार आहेत. तुम्हीही घरातलं जुनं पुस्तक टाकण्याआधी एकदा उघडून पाहा. कुणाला तरी धीर देणारं पान त्यात असतं.