थिबा राजाची पहारेकरीण

आत्माराम आप्पा बूट घालून उठले, तर दार अडवून उर्जा उभी. कमरेला बापाचा पट्टा, हातात मिटलेली छत्री.

"हाल्ट! राजाला बाहेर जायला परवानगी नाही."

झालं होतं असं, की जर्मनीत डार्मश्टाटला मुलाकडे, सिद्धेशकडे आल्यापासून नातीला गोष्टी सांगता सांगता आप्पांचे वाघ-कोल्हे संपले. मग त्यांनी आपल्या रत्नागिरीचा थिबा राजा काढला. इंग्रजांनी ब्रह्मदेश घेतला आणि तिथल्या या राजाला राणी-मुलींसकट रत्नागिरीत आणून ठेवलं. पुढे राजवाडाही बांधून दिला. पण घरी काही जाऊ दिलं नाही. बिचारा तिथेच वारला. सहा वर्षांच्या उर्जाला त्यातलं एवढंच पटलं, की आवडत्या माणसाला असं ठेवून घेता येतं. तेव्हापासून आप्पा राजा आणि ती पहारेकरीण.

आज मात्र खेळ नव्हता. सिद्धेश खाली गाडीत बॅगा ठेवत होता. दुपारचं विमान होतं, आणि तिकडे रत्नागिरीत आप्पांच्या बायको सुधाताई दुखरा गुडघा घेऊन एकट्याच होत्या.

"उर्जा, बाजूला हो! आजोबांना उशीर होतोय," सिद्धेश जिन्यातून ओरडला.

"नाइन! नाही म्हणजे नाही!"

"ओरडू नको रे तिला," म्हणत आप्पा दाराजवळच्या स्टुलावर टेकले.

"इथे तुला खोली आहे," उर्जा म्हणाली. "खाऊतली माझी ब्रेत्झेलपण मी अर्धी देते. मग का जातोस?"

"थिबा राजाला तर अख्खा राजवाडा होता गं. तरी त्याला घर आठवायचंच."

"मग त्याला जाऊ कोण देत नव्हतं?"

"इंग्रज."

उर्जाची छत्री हळूहळू खाली आली. खालचा ओठ पुढे आला.

"आल्झो… म्हणजे मी इंग्रज आहे?"

आप्पांना हसू फुटलं. "तू कसली इंग्रज? तू माझी उर्जा."

"मी इंग्रज नाहीये!" ती भिंतीला चिकटून उभी राहिली आणि तिने दोन्ही हातांनी डोळे झाकले. "जा, राजा. लवकर जा. मी बघत नाहीये."

दार मोकळं झालं. जिन्यातून गार वारा आत आला. त्या बिचाऱ्या राजाला असं कुणी म्हटलंच नव्हतं. इथे सुटका झाली, तर आप्पांचे पायच उचलेनात.

"आप्पा, येताय ना?"

"आलो, आलो."

"गेलास?" झाकल्या डोळ्यांनीच उर्जाने विचारलं.

"हो गं, गेलो," आप्पा म्हणाले, आणि तिच्या केसांवरून हात फिरवत तसेच बसून राहिले.