धड पायाचं पिल्लू

दिपी धुळ्याच्या दवाखान्यातून घरी आली तेव्हा तिचं निम्मं अंग तिथेच राहिलं होतं, आणि बोलणं सगळंच. न्यूमोनिया बरा झाला, असं डॉक्टर म्हणाले. सात वर्षांची माझी पोर दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडते, दूध ओठाला लावलं की मान फिरवते, याला बरं होणं म्हणायचं असेल तर म्हणोत बापडे. मला काही ते पटत नव्हतं.

तिला उठवलं ते एका पिल्लाने. तिच्या वडिलांनी अंगणातली खाट ओढली आणि खाटेचा पाय नेमका कोंबडीच्या पिल्लावर बसला. ते ओरडलं तशी दिपी दारात आली, दवाखान्यातून आल्यावर पहिल्यांदाच आपल्या पायांनी. पिल्लाची एक तंगडी लोंबत होती. ते काही जगत नाही, असं वडील म्हणत होते. दिपीने ओंजळ पुढे केली ती मागे घेतलीच नाही.

मग मी खराट्याची काडी मोडली, जुन्या पातळाची चिंधी फाडली, हळद-तेल लावून पाय बांधला. पिल्लू टोपलीत आणि टोपली दिपीच्या उशाशी. भिजवलेल्या बाजरीच्या कण्या ती त्याला बोटाने भरवायची. ते खाईना तेव्हा ती त्याला म्हणाली, आधी मी खाते, मग तू खा. आणि खरंच खाल्लं तिने. मी चुलीकडे तोंड फिरवून रडून घेतलं.

हे सुख माझ्या सासूला, पुष्पाबाईंना, बघवलं नाही असं मला आधी वाटलं. त्यांनी मला आत बोलावलं आणि आढेवेढे न घेता सांगितलं, "हाई पिलू म्हसोबानं शे."

दिपीच्या नाकाला नळ्या लावल्या होत्या तेव्हा त्या अनवाणी शेताच्या बांधावर गेल्या होत्या. पोर घरी येऊ दे, खुडूक कोंबडी बसली आहे, तिच्या अंड्यांतला पहिला नर तुझा, असा नवस त्यांनी म्हसोबाला बोलला होता. पोर घरी आली. अंड्यांतून निघालेल्यांपैकी काही घारीने नेली, काही मांजराने. उरलेल्यांत तुरा फुटू लागलेलं हे एकच. बाकी सगळ्या तलंगा, माद्या.

मी म्हटलं, साक्रीच्या बाजारातून चांगला कोंबडा आणू. त्या म्हणाल्या, बोलला तो घरचा, देवाला बाजारावर धाडायचं का? मी म्हटलं, पोर औषधाने वाचली. माझं माहेर जळगावजवळ असोद्याचं. शहराजवळची म्हणून ही सगळ्याला फाटे फोडते, हा त्यांचा माझ्यावर जुना राग. पण त्या दिवशी त्या रागावल्या नाहीत.

"दवाई बी व्हती, देव बी व्हता," त्या म्हणाल्या. "तू कोनले सोडशी?"

माझा संताप आणखीच वाढला.

एक वाट मात्र होती, तीही त्यांनीच सांगितली. म्हसोबाला व्यंगाचं जनावर चालत नाही. पाय धड झाला तर आखाडात देणं फेडायचं. लंगडा राहिला तर देणं पुढच्या खेपेच्या पिल्लांवर जाईल. दिपीला यातलं काही कळू द्यायचं नाही, एवढ्यावर आमचं दोघींचं एकमत झालं.

त्या दिवसापासून मी एका मुक्या जिवाचं व्यंग मागायला लागले. दिपी सकाळ-संध्याकाळ त्याच्या पायाला तेल चोळायची. पट्टी सोडल्यावर अंगणात मऊ माती पसरून, चुचकारत, त्याला चालवायची. पुरे गं, त्याला दुखत असेल, असं मी म्हणायची. ती ऐकते कसली! तिच्या गालांवर रंग आला, ती शाळेत जाऊ लागली. पोर सुधारत होती म्हणून जीव हरखायचा आणि पिल्लू सुधारत होतं म्हणून मी आखाडाला उरलेले दिवस मोजायची. दोघं तर एकाच ताटात जेवत होती.

आखाड लागला. सासू ओट्यावर येऊन बसल्या आणि दिपीला म्हणाल्या, सोड बघू त्याला अंगणात. मी पिठाच्या हातांनी दारात उभी राहिले. दिपीने कोंबडा खाली ठेवला. आता त्याला चांगला लाल तुरा आला होता. तो मान ताठ करून गावच्या पाटलासारखा अंगण मोजत गेला. कुठे अडखळणं नाही, कुठे ओढणं नाही.

सासू बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "लंगडस."

मला वाटलं, माझेच कान वाजले.

"डावा पाय वढस. लंगडस तो," त्या पुन्हा म्हणाल्या, आणि माझ्याकडे पाहायचं त्यांनी टाळलं. देवाचं नाव घेतल्याशिवाय पाण्याचा घोट न घेणारी ही बाई देवाशी उघड उघड खोटं बोलत होती. आयुष्यात पहिल्यांदा मला त्यांच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं.

दिपीला मात्र ते झोंबलं. "नही वो मोठी माय, लंगडत नही. नीट देख." तिने दाणे फेकून कोंबड्याला परत बोलावलं, पुन्हा दूर दाणे टाकून पळवलं. "देख, कसा पयस!"

"मी सांगस ना," सासू म्हणाल्या आणि उठून आत गेल्या. उठताना त्यांनी भिंतीचा आधार घेतला.

दिपी माझ्याकडे वळली. मम्मी, तू तरी सांग ना तिला. एवढ्या दिवसांची तिची मेहनत तिच्या डोळ्यांत उभी होती. मी पिठाचे हात पदराला पुसत म्हटलं, लंगडतो गं जरासा. तिने माझ्याकडे जसं पाहिलं तसं आजवर कुणी पाहिलं नसेल. मग ती रडायला लागली, हुंदके देत देत रडली आणि रडता रडता तिला खोकला लागला.

तोच खोकला, आतून शिट्टी वाजणारा, धुळ्याला नेण्याआधीचा. सासू दाराशी आल्या. मी दिपीला पोटाशी घेऊन पाठ चोळत होते. खोकला थांबेना. पायरीपाशी कोंबडा दाणे टिपत होता. सासूंनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

मीही त्याच्याकडेच बघत होते. त्याचा पाय अगदी धड होता.