हलकं यंत्र

धोंडू तांडेलाच्या बायकोची नथ तोंडवलीच्या किनाऱ्यावर हरवली आणि आळ आला गंगूवर.

देवदिवाळीचा दिवस होता. नर्मदा नथ घालून देवळात निघालेली, तेवढ्यात तारलीचा थवा किनाऱ्याला लागल्याची हाळी आली. मासळी काही कुणाला कपडे बदलायला वेळ देत नाही. नर्मदा तशीच नथीसकट रापणीवर गेली. रापणीचं लांबलचक जाळं होडीतून समुद्रात सोडायचं आणि सगळ्यांनी मिळून दोरीनं किनाऱ्याला ओढायचं, अशी रीत. जो दोरीला हात लावील त्याला मासळीचा वाटा. त्या दिवशी वरच्या कोरड्या वाळूत रास ओतली, वाटे पडले आणि मग कुठे नर्मदेनं नाकाला हात लावला.

तिच्या शेजारी मासळी निवडायला गंगू होती. भोळेपणानं ती बोलून गेली, "राशीर बसलंव तेवा नथ नाकात होती वयनी, मी बघितलंय." मदत करायला गेली नि स्वतःच अडकली. हिची नजर नथीवरच होती, असा तिच्या बोलण्याचा अर्थ निघाला. चार बायांनी तिच्या ओटीत, कनवटीत हात घालून झडती घेतली, तीही बाप्यांच्या देखत. मिळालं काहीच नाही. तरी त्या दिवसापासून दोरीवर गंगूला कुणी जागा देईना. नवरा वारलेला, पदरात दोन पोरं. दोरी नाही तर वाटा नाही, आणि वाटा नाही तर सुकट-पेज.

तिचा भाऊ सहदेव मुंबईला दारूखान्यात भंगाराच्या वखारीत कामाला होता. शिमग्याला घरी आला तेव्हा त्याला हे सगळं कळलं. आधी त्याला धोंडूचं डोकं फोडावंसं वाटलं. पण डोकं फोडून बहिणीचा आळ थोडाच जाणार होता? तो मुकाट मुंबईला परतला आणि लढाईतलं मोडकंतोडकं सामान विकणाऱ्या एका दुकानात गेला. जमिनीत पुरलेले सुरुंग हुडकायची यंत्रं तिथं आहेत, हे त्याला ठाऊक होतं. लांब दांडा, खाली तबकडी, कानाला लावायचे कर्णे. खाली धातू आला की कानात आवाज होतो.

दुकानदारानं दोन काढली. पहिल्याची पेटी पाठीवर बांधायची, वजन तांदळाच्या गोणीएवढं. दुकानदारानं घमेल्यात वाळू भरून वर खारं पाणी ओतलं. यंत्र गप्प. पितळेची अंगठी टाकली तेव्हाच बोललं. दुसरं हलकं, पेटी कमरेला अडकवायची. कोरड्या वाळूत शहाण्यासारखं वागलं, पण खारं पाणी पडताच कुणी मारल्यासारखं बोंबलायला लागलं, अंगठी असो वा नसो.

"समुद्रावर हे नको," दुकानदार म्हणाला. "म्हणून तर कुणी घेत नाही."

डोकं ठिकाणावर असलेल्या माणसानं जड यंत्र घेतलं असतं. सहदेवनं ते पाठीला लावूनही पाहिलं. त्याला ते सहज पेलत होतं. मग तो तिथंच एका खोक्यावर बसला आणि विचारात पडला. समजा, नथ आपल्याला सापडली. गाव म्हणणार, भावानंच आणून टाकली नि भावानंच काढली. गंगूच्या हातात यंत्र द्यावं तर म्हणणार, पुरलेल्या जागेवर बरोबर गेली. म्हणजे यंत्र फिरवायला हवी खुद्द नर्मदा. आणि नर्मदा तर दमेकरी, पाण्याची कळशी उचलली तरी धाप लागणारी.

एवढं कळल्यावर पुढचं अवघड होतं. नथ पाण्यात पडली असेल तर हलकं यंत्र घेणं म्हणजे पैसे खड्ड्यात घालणं. ती कोरड्या वाळूतच पडली, याला आधार एकच, गंगूचा शब्द. तोच, ज्यानं तिला बुडवलं होतं. बहिणीवर आपला खरोखर विश्वास आहे का, हा प्रश्न त्याला दुकानातल्या त्या खोक्यावर पडला आणि त्याची त्याला फार लाज वाटली. त्यानं हलकं यंत्र घेतलं.

चैत्रात तो आगबोटीनं मालवणला उतरला. धोंडूनं आढेवेढे घेतले नाहीत. लेकीचं, सुगंधाचं, लग्न वैशाखात होतं नि ती नथ तिच्याच नाकात जायची होती. सहदेवनं अट एकच घातली. "वयनीनंच फिरवचां, आणि मिळात ता सगळ्यांसमोर टोपलेत टाकूचां."

नर्मदा आधी पाण्याकडंच गेली. ओल्या वाळूवर कर्णे असे किंचाळले की तिनं ते काढून भिरकावले. किनारा खो खो हसला. "सहदेवान मुंबयसून रडक्या पोर हाडल्यान," गर्दीतला लवू ओरडला. मग ती वर आली, कोरड्या वाळूत. इथं यंत्र नीट बोलू लागलं. जाळ्याचं शिसं निघालं, गळ निघाले, एक बिजागरी निघाली. प्रत्येक वस्तू उंच धरून दाखवायची, टोपलीत टाकायची. उन्हं चढली तशी माणसं पांगू लागली.

जिथं राशी ओततात तिथं नर्मदा थांबली. खाली बसली. पण या वेळी तिनं लोकांकडं पाठ केली. बराच वेळ उकरलं. उठली तेव्हा मूठ कमरेशी गेली आणि रिकामी बाहेर आली.

"खिळो होतो," ती म्हणाली.

"टोपलेत टाक," सहदेव म्हणाला.

"कुजको. हातात मोडलो."

सहदेवला आनंद आणि संताप एकदमच झाले. बहीण खरी होती, आणि खरं त्या बाईच्या ओटीत जाऊन बसलं होतं. तो पुढं झाला, तोच गंगूनं त्याचं मनगट धरलं.

"दादा, मी पण बघितलंय. गप रव."

"गप? चार महिने तुका चोर म्हणतत! आता हिची झडती घेवक लावतंय."

"माज्या ओटयेत सगळ्यांदेखत हात घातल्यानी," गंगू हळूच म्हणाली. "कसा वाटता ता माका विचार. ता मी तिका करूक देवचंय नाय."

सहदेवला ते पटलं नाही, तेव्हाही नाही नि पुढंही कधी नाही. पण मनगट त्यानं सोडवून घेतलं नाही. नर्मदा लोकांना दाखवायला आणखी थोडी फिरली, मग धाप लागली म्हणून यंत्र ठेवून घरी गेली.

दोन दिवसांनी गावात बातमी आली. नथ तांदळाच्या कणगीत सापडली म्हणे. देवदिवाळीला नर्मदेनंच काढून ठेवली नि विसरली. लोकांनी सहदेवच्या यंत्राची यथेच्छ टिंगल केली. धोंडू मात्र स्वतः गंगूच्या दारात आला. "उद्या दोरयेर ये," एवढंच बोलला नि मान खाली घालून गेला.

दुसऱ्या दिवशी गंगूनं दोरी धरली. जाळं आलं, रास पडली, वाटे लागले. तिच्या वाट्याला बांगडे होते. नर्मदा आली, कुणाकडं न बघता तिनं एक मोठा इसवण, बांगड्यांहून कितीतरी महाग मासा, गंगूच्या वाट्यावर ठेवला आणि तिथंच उभी राहिली.

गंगूनं तो दोन्ही हातांनी उचलला आणि परत राशीवर ठेवला.

"रवांदे गो," धोंडू म्हणाला.

"माजो वाटो माका गावलो," गंगू म्हणाली. तिनं बांगडे टोपलीत भरले, टोपली डोक्यावर घेतली आणि घरी गेली.