मातृद्रव

माझ्या घरात रसायनशास्त्र जाणणाऱ्या दोन बायका आहेत आणि मी गाडी चालवतो. आई औषधाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाली आणि तिच्याच टेबलावर माझी बायको आली. तेव्हापासून जेवताना मी तोंड फक्त घासापुरतं उघडतो.

भांडण व्हायचं ते आईच्या कामावरच्या कोटावरून. तो दारामागे लटकलेला, बाह्यांवर खरखरीत पांढरी पूड. बायको म्हणायची, धुवा. आई म्हणायची, राहू दे.

प्रयोगशाळेत मात्र बायकोला अडवणारं कुणी नव्हतं. तिने सगळी काचेची भांडी घासूनपुसून लख्ख केली, जुन्या बाटल्या रिकाम्या केल्या. आणि आईने जन्मभर खपून तयार केलेलं खोकल्याचं औषध रुसून बसलं. त्याचे स्फटिक काही होईनात, भांड्यात नुसता चिकट रस. साहेब म्हणाले, आज संध्याकाळपर्यंत स्फटिक दिसले नाहीत तर हे औषध बंद. बायकोने मला फोन केला. "त्यांना घेऊन ये," एवढंच म्हणाली, तेही रडवेल्या आवाजात.

आई तो कोट चढवूनच गाडीत बसली.

"मातृद्रव कुठंय?" आत शिरताच तिने विचारलं.

"ते काय असतं?" बायको म्हणाली.

"स्फटिक काढून घेतल्यावर मागे उरतं ते पाणी. पुढच्या खेपेसाठी मी ठेवायचे. त्यात दोनचार कण राहतातच, नवे स्फटिक त्यांच्यावरच धरतात."

"उरलेलं द्रावण? ते मी ओतून दिलं." बायकोचा चेहरा उतरला. "बाटलीवर नुसतं 'आई' लिहिलेलं. मला वाटलं, तुमचं काही खासगी असेल."

मला हसू फुटत होतं, पण छाती झाली नाही. आईच हसली. "जुना शब्द आहे गं. सगळं लेकरांना देऊन जे मागे उरतं, ते आई. आमच्या वेळची माणसं भाबडी होती."

मग तिने थोडा रस परीक्षानळीत घेतला, कोटाची बाही वर धरली आणि नखाने टिचकी मारली. बाहीवरची पूड याच औषधाची होती. एक कण आत पडला.

आधी काहीच झालं नाही. मग त्या कणाला सुई फुटली. सुईला सुया फुटल्या. आईने नळी मोठ्या भांड्यात उपडी केली आणि बघता बघता सगळा रस पांढराशुभ्र झाला, आवाज न करता. या कामाला मी इतकी वर्षं पाणी ढवळायचे उद्योग म्हणत होतो.

"हात लावून बघ," आई म्हणाली.

बायकोने काचेला तळवा टेकवला. "आई, गरम लागतंय!" लग्नापासून सासूला 'अहो ऐकलं का' वर भागवणारी ती, आज तिच्या तोंडून आई निघालं.

"लागणारच. स्फटिक जन्मताना ऊब सोडतात."

साहेबांनी चष्मा पुसून दोनदा पाहिलं आणि बंद करायची गोष्ट पुन्हा काढली नाही. बायकोने स्फटिक काढून घेतल्यावर उरलेलं पाणी थेंबही न सांडता नव्या बाटलीत भरलं. वर काय लिहायचं ते तिने कुणाला विचारलं नाही.

"आता कोट धुवायला टाकते बाई," आई म्हणाली. "वास येतोय."

"खबरदार!" म्हणत बायकोने तो तिच्या अंगावरून उतरवला आणि स्वतःच्या कोटाशेजारी टांगला.